सापांच्या खोलीतला पावसाळा

सकाळी दार उघडलं की दिवा लावण्याआधी नाकाने काम करायचं. नीट ठेवलेल्या सापांच्या खोलीला फारसा वास नसतो. वर्तमानपत्राचा कागद आणि किंचित माती, एवढंच जाणवतं. आंबूस, कुजका वास आला तर रात्री कुणीतरी गिळलेलं भक्ष्य उलटून टाकलंय. नाकाला झोंबणारा वास म्हणजे विष्ठा ओल्या कागदावर तासन् तास पडून आहे. आणि पावसात बंद राहिलेल्या कपाटासारखा कोंदट वास असेल, तर भिंतीला, लाकडाला किंवा एखाद्या पेटीच्या तळाला बुरशी धरली आहे. जून ते सप्टेंबर ठाण्यात हा तिसरा वास सगळ्यात जास्त छळतो.

येऊरचा पायथा, घोडबंदर रोड, कळवा-मुंब्रा, खाडीपलीकडे ऐरोली, घणसोली, बेलापूर या सगळ्या पट्ट्यात पावसाळ्यात साप जास्त दिसतात. बिळांत पाणी शिरतं, बेडूक वाढतात, आणि साप कोरड्या जागेच्या शोधात जिन्याखाली, पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीत येऊन बसतात. धामण, नाग, घोणस, दिवड, तस्कर, कवड्या, अधूनमधून अजगर किंवा घोरपड. धडधाकट प्राणी वनविभागाकडे नोंद होऊन लगेच सोडला जातो. जाळ्यात कापलेला, गाडीखाली आलेला, उंदराच्या गोंदाला चिकटलेला असेल तोच बचाव केंद्रातल्या या खोलीत राहतो, काही दिवस किंवा काही आठवडे. त्या खोलीत नव्याने हाताशी येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

सरीसृपांच्या देखभालीवरची बरीचशी पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशांतले असतात. तिथे सगळा जीव ऊब देण्यात जातो, म्हणून नवीन माणूस इथे आला की पहिल्यांदा हीटिंग पॅड मागतो. आपल्याकडे पावसाळ्यात खोलीचं तापमान २७ ते ३० अंशांत असतं आणि इथल्या बहुतेक सापांना तेवढंच हवं असतं. ऊब आयती मिळते. राबावं लागतं ते कोरडेपणासाठी, कारण बाहेरची आर्द्रता अनेक दिवस ८५ ते ९५ टक्क्यांवरून हलत नाही. साप ओल्या जागेत राहतो म्हणजे त्याला सतत ओल चालते, हा समज आधी सोडा. रानात दिवडसुद्धा पाण्यातून निघून बांधावर अंग सुकवते. पेटीत तिला ती सोय आपणच द्यायची असते.

आर्द्रतामापकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाजारात मिळणारे स्वस्त डिजिटल मापक पाच-दहा टक्के सहज चुकतात, आणि एका पावसाळ्यानंतर त्याहून जास्त. तपासणी घरच्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा; मीठ विरघळून पाणी वर दिसता कामा नये. ते झाकण आणि मापक एका चेनच्या प्लास्टिक पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि रात्रभर एका जागी ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ८१ दाखवत असेल तर तो ६ जास्त दाखवतो; तसं कागदावर लिहून त्याच्या पाठीवर चिकटवा. जून सुरू व्हायच्या आधी सगळे मापक असे तपासून घ्यावेत.

खोलीतली आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांवर आली तरी पुष्कळ झालं. पाऊस कोसळत असताना एक्झॉस्ट पंखा लावणं ही नेहमीची चूक. तो आतली हवा बाहेर ढकलतो आणि तिच्या जागी दाराच्या फटीतून बाहेरची ओली हवा आत येते. पावसात दारं-खिडक्या बंद ठेवून हवेतली ओल काढणारा डिह्युमिडिफायर चालवावा आणि छताचा पंखा मंद ठेवावा. डिह्युमिडिफायरची टाकी दिवसातून दोनदा तरी रिकामी करावी लागते. ती भरली की यंत्र आपोआप थांबतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून टाकीला नळी जोडून मोरीत सोडणं उत्तम. या यंत्राने खोली एक-दोन अंशांनी गरमही होते, हे तापमान बघताना धरायला हवं. एसी असेल तर ड्राय मोडवर, पण २७ च्या खाली नाही आणि झोत कुठल्याही पेटीवर नाही.

पेट्यांमध्ये या चार महिन्यांत वर्तमानपत्राला पर्याय नाही. कोकोपीट, माती, झाडाची साल दिसायला छान. पण ती पाणी धरून ठेवतात आणि खालची ओल वरून दिसत नाही. कागदावर ओल लगेच कळते, विष्ठा कळते, माइट्स (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे) कळतात, रक्ताचा डाग कळतो. तीन-चार पदर घाला आणि रोज बदला, मग तो स्वच्छ दिसला तरी. पाण्याचं भांडं जड, चिनीमातीचं किंवा मातीचं असावं आणि एक तृतीयांशच भरावं. काठोकाठ भरलेल्या भांड्यात धामण उतरून वेटोळं घालून बसली की सगळं पाणी कागदावर येतं. प्रत्येक पेटीला दोन भांडी ठेवा. आजचं भांडं उद्या घासून पूर्ण सुकवायचं, कारण आतला बुळबुळीत थर नुसतं पाणी बदलून जात नाही.

हे सगळं सापाच्या पोटाच्या त्वचेसाठी. सतत ओल्या कागदावर पडून राहिलेल्या सापाच्या पोटाच्या खवल्यांच्या कडा आधी गुलाबी-तपकिरी होतात. मग खवल्याखाली पाण्याने भरलेला छोटा फोड येतो, तो फुटतो, तिथे व्रण होतो आणि त्यातून जंतू रक्तात जातात. पहिल्या पायरीवर पकडलं तर कोरडी पेटी आणि पोव्हिडोन आयोडिनचं पातळ पाणी एवढ्यावर भागतं. औषध इतकं पातळ करायचं की बिनदुधाच्या फिक्या चहासारखा रंग यावा. फोड आले असतील तर पशुवैद्यकाशिवाय पुढे जाऊ नका. बिनविषारी साप हातात घेऊन पोट बघता येतं. नाग-घोणस असेल तर त्याला पारदर्शक तळाच्या पेटीत कागदाविना काही मिनिटं ठेवायचं, झाकणाला कुलूप लावायचं आणि पेटी काचेच्या टेबलावर ठेवून खालून टॉर्च मारायचा. पोटाचा फोटो काढून ठेवला तर आठवड्याने फरक मोजता येतो.

सफाईच्या बाबतीत एक गोष्ट दारावरच लिहून लावावी: फिनेल या खोलीत येणार नाही. काळंही नाही, पांढरंही नाही. घरोघरी लादी पुसायला लागतं म्हणून नवीन मावशी किंवा दादा सवयीने बादलीत टोपणभर ओततात. त्यातली फेनॉलसारखी द्रव्यं आणि पाइनचं तेल सापाच्या त्वचेला आणि फुप्फुसाला घातक असतात, आणि बंद पेटीतून त्याला पळायला वाव नसतो. मच्छर मारायची कॉइल, लिक्विडची मशीन, उदबत्ती, डांबरगोळ्या आणि मुंग्यांचा खडू यांनाही हाच नियम.

पेटी आधी साबणाच्या पाण्याने घासायची, कारण घाण शिल्लक असली की ब्लीच त्या घाणीवरच खर्च होतं. मग बाजारातल्या साध्या लिक्विड ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग हे मिश्रण पूर्ण दहा मिनिटं पेटीत राहू द्यायचं. नुसतं पुसून लगेच धुतलं तर उपयोग नाही. नंतर भरपूर पाण्याने धुऊन, वास जाईपर्यंत सुकवायचं. आजारी प्राण्याच्या पेटीसाठी एकास दहा. ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधीच मिसळू नका. निघणारा वायू माणसालाच आडवा करतो. आणि रोजचा क्रम ठरलेला असावा: आधी निरोगी, मग नवीन आलेले, शेवटी आजारी. उलट गेलात तर आजार तुमच्याच हातांनी पुढे जातो.

मुंग्यांना खडू नाही तर मग काय? रॅकचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा आणि रॅक भिंतीपासून चार बोटं लांब सरकवायचा. दर चौथ्या दिवशी ते पाणी ओतून वाटी घासायची, नाहीतर त्यात डास होतात. हे क्षुल्लक वाटेल, पण अशक्त साप आणि अंडी यांचा मुंग्या एका रात्रीत जीव घेतात.

उंदराच्या गोंदाच्या पॅडला चिकटून येणारे प्राणी पावसाळ्यात वाढतात. बहुतेकदा बिनविषारी कवड्या असतो. विषारी मण्यार आणि कवड्या यांत गोंधळ होतो, म्हणून आधी ओळख: मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवर मोठे षटकोनी खवले असतात आणि पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक होतात, कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. गोंदात बरबटलेल्या सापावर यातलं काहीच नीट दिसत नसेल तर तो मण्यारच आहे असं धरून वागायचं.

आधी पॅडच्या मोकळ्या गोंदावर मैदा भुरभुरून टाका, म्हणजे सुटलेला भाग परत चिकटत नाही. नाकपुड्या आणि तोंड गोंदाने बंद झालं आहे का ते बघा. झालं असेल तर कान साफ करायच्या काडीला तेल लावून तेवढंच आधी मोकळं करा. मग शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं साधं खायचं तेल शेपटीकडून कडेकडेने सोडायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड असतं. ओढलं तर खवल्यासकट त्वचा गोंदावर राहते. तेल आत मुरलं की बोटाने साप किंचित आडवा लोळवत गेलं की इंच इंच सुटतो. विषारी असेल तर डोकं सर्वात शेवटी, आणि तेही पारदर्शक नळी तोंडासमोर धरून, जाणत्या माणसाच्या हातूनच. रॉकेल, पेट्रोल, थिनर चुकूनही नाही. सुटल्यावर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून तेल काढायचं, तीनदा साध्या पाण्याने धुवायचं, कोरड्या कापडावर ठेवायचं. अंगावर तेल राहिलं तर मुंग्या येतातच. त्यानंतर निदान दोन दिवस त्याला कुणी हात लावू नये.

नायलॉनच्या जाळ्यात अडकलेल्या सापाची गोष्ट वेगळी. जाळी कापल्यावर तो तरतरीत दिसतो आणि लोकांना वाटतं, सोडून द्यावा. पण जिथे दोरा आवळला होता तिथलं रक्त थांबलेलं असतं आणि तिथलं मांस मरायला काही दिवस लागतात. पाचव्या-सहाव्या दिवशी तो पट्टा काळा पडतो. म्हणून जाळ्यातला साप आठवडाभर निरीक्षणाखाली ठेवायचा आणि वळ आलेली जागा रोज बघायची.

खायला देताना घाई नको. आलेल्या प्राण्याला पहिले चार-पाच दिवस फक्त पाणी आणि लपायला जागा. पेटीत उलटा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका चालतो, तो भिजला की फेकून देता येतो. धामण किंवा तस्करला गोठवलेला उंदीर द्यायचा असेल तर तो चेनच्या पिशवीतच आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, सकाळी त्याच पिशवीत ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा तास. पिशवीमुळे उंदीर कोरडा राहतो आणि कागद भिजत नाही. मायक्रोवेव्ह वापरला तर बाहेरून गरम, आतून बर्फ राहतो आणि तो पोटात सडतो. उंदराची जाडी सापाच्या सर्वात जाड भागाएवढी, त्याहून जास्त नाही. गिळल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. उलटून टाकलं तर दहा ते चौदा दिवस काही देऊ नका, आणि पुढचं भक्ष्य अर्ध्या आकाराचं द्या. हरणटोळासारखा पाली-बेडकांवर जगणारा साप कैदेत क्वचितच खातो, म्हणून त्याचा मुक्काम जितका कमी तितकं चांगलं.

साप ओरडत नाही, लंगडत नाही, कुशीत येत नाही. आजार तो शेवटपर्यंत लपवतो, म्हणून वजनकाटा आणि नोंदवही यांच्याशिवाय त्याची बाजू मांडणारं कुणी नसतं. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, कापडी पिशवीत घालून वजन करा आणि पिशवीचं वजन वजा करा. दहा टक्के घट झाली की डॉक्टरांना फोन. विष्ठेसोबत येणारा पांढरा भाग मऊ खडूसारखा असेल तर ठीक. दगडासारखा टणक असेल तर पाणी कमी पडतंय, हिरवट-पिवळा असेल तर तपासणी हवी. डोळे दुधाळ-निळसर झाले की कात येणार आहे. तारीख लिहा, हाताळणी बंद करा. टाकलेली कात फेकण्याआधी डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक भिंगं आली आहेत का ते उजेडात धरून बघा. नसतील तर ती डोळ्यांवरच राहिली आहेत. चिमट्याने ओढू नका, डोळा जाईल.

पाण्याच्या भांड्यात साप दिवसभर बसलेला दिसला की काही जण म्हणतात, उकडतंय त्याला. पावसाळ्यात असं दिसलं तर आधी माइट्स शोधा. भांड्याच्या तळाशी मिरीपूड सांडल्यासारखे काळे ठिपके, हनुवटीखालच्या खाचेत आणि डोळ्याच्या कडेला हलणारे कण. ऊब आणि ओल मिळाली की दोन-तीन आठवड्यांत त्यांची पुढची पिढी तयार होते, त्यामुळे एकदा साफ करून भागत नाही. ती पेटी वेगळ्या खोलीत न्या, रोज कागद बदलून तो पिशवीत बांधून टाका, औषध पशुवैद्यकांनी सांगितलेलंच आणि मात्राही त्यांचीच. याच संदर्भात एक धोका: माइट्ससाठी सापांना दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला प्राणघातक आहे. कासवं त्याच खोलीत असतील तर औषधाच्या बाटलीवर लाल अक्षरांत तसं लिहा आणि सिरिंज वेगळ्या ठेवा.

श्रावण आला की नागांची गर्दी होते. नागपंचमीसाठी आठवडेच्या आठवडे टोपलीत कोंडलेले, पाण्याविना ठेवलेले नाग जप्त होऊन येतात. तहानेने व्याकूळ झालेला नाग समोर आलेलं दूधही पितो, आणि लोक हात जोडतात. ते दूध त्याला पचत नाही. श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाचा संसर्ग होतो. कुणाचे ओठ शिवलेले असतात, कुणाचे दात मोडलेले. बघून हात थरथरतात, पण तेव्हाच शांत राहायचं. टाके आणि तोंडातल्या जखमा पशुवैद्यकांनीच हाताळायच्या. दात मोडला म्हणजे नाग निरुपद्रवी झाला असं समजू नका. मागचे राखीव दात पुढे येतात. पाणी भरून काढण्यासाठी उथळ टबात २८ ते ३० अंशांचं पाणी, सापाच्या अंगाच्या निम्म्या जाडीइतकंच, वीस ते तीस मिनिटं, आणि नजर न हटवता. अशक्त नाग चार बोटं पाण्यातही बुडतो. आधी आणि नंतर, पुसून कोरडा करून, वजन घ्या. जेवढं वाढलं तेवढं तो प्यायला. वाढलंच नाही तर सलाइनची गरज आहे, ती मात्रा डॉक्टर ठरवतील.

विषारी सापाच्या पेटीचं कुलूप एकट्याने उघडायचं नाही, हा नियम पावसात माणसं कमी आली तरी मोडू नये. दुसरं माणूस नसेल तर त्या दिवशी त्या पेटीला हात नाही; नाग एक दिवस जुन्या कागदावर राहू शकतो. चिमट्याने मधोमध दाबून उचललं तर बरगड्या मोडतात, म्हणून हुक आणि सरकत्या दाराची दुसरी पेटी. दारावर जवळच्या ज्या रुग्णालयात प्रतिविष आहे त्याचा नंबर हवा आणि महिन्यातून एकदा फोन करून साठा आहे ना, याची खात्री हवी. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी आहे. येऊरकडून येणाऱ्या चापडा या विषारी सापावर ते चालत नाही. प्रतिविष केंद्रात आणून ठेवू नका. त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, ते रुग्णालयातच द्यायचं. दंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अवयव न हलवता गाडी काढायची.

सोडताना एकच आग्रह. सगळे साप येऊरच्या जंगलात नेऊन सोडायची सवय वाईट आहे. ओळखीची बिळं, पाणी, भक्ष्य सोडून अनोळखी रानात टाकलेला साप भटकत राहतो आणि बऱ्याचदा मरतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली हे प्राणी आपले नाहीतच. वनविभागाच्या नोंदीने आणि परवानगीने, सापडला त्याच्या शक्य तितक्या जवळच्या सुरक्षित जागी सोडायचा. म्हणून साप आणणाऱ्या सर्पमित्राकडून सोसायटीचं नाव नाही, तर नेमकी जागा लिहून घ्या: कोणती भिंत, कोणता नाला. धामण सकाळी सोडा, मण्यार अंधार पडल्यावर. घरात साप दिसला आणि कुणाला बोलवायचं कळत नसेल, तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

ऑक्टोबर लागला की सगळं उलटं फिरतं. दुपारचं ऊन तापतं, हवा कोरडी पडते आणि महिनाभरातच कात तुकड्या-तुकड्यांत सुटायला लागते. डिह्युमिडिफायर बंद करून त्याची जाळी धुऊन ठेवा. डोळे दुधाळ झालेल्या सापाच्या पेटीत झाकणाला भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा ठेवा. त्यात पिळून काढलेला ओला सुती टॉवेल, हातात घट्ट धरला तर पाणी ठिबकू नये इतपतच ओला, आणि तो रोज बदलायचा. बाकी पेटीतला कागद मात्र कोरडाच राहू द्या.